विश्लेषण : रस्ता कसा बांधावा, हे शोधण्याचा खर्च कोण करते?

सिरसाळ्याच्या काळ्या मातीवर रस्ता का टिकत नाही आणि परळीची राख त्यावर उपाय ठरू शकते का, याची उत्तरे प्रयोगशाळेत मिळाली आहेत. मात्र प्रयोगशाळा, नियमपुस्तक आणि निविदा यांचे पैसे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात.

परळीहून बीडकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर सिरसाळा लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस-सोयाबीनची काळी, खोल जमीन. शेतकऱ्याला हवीहवीशी वाटणारी ही माती रस्ता बांधणाऱ्याला मात्र नकोशी असते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यातील मोंटमोरिलोनाइट या खनिजाचा हा गुण. वरचे डांबर कितीही चांगले असले तरी खालची जमीनच हलत राहिली, तर दोन-तीन पावसाळ्यांत रस्ता लाटांसारखा होतो.

जमिनीची ताकद अभियंते ‘सीबीआर’ या आकड्यात मोजतात. ओली काळी माती या मोजमापात बहुतेकदा दोन ते चारच्या घरात असते. ग्रामीण रस्त्यांच्या नियमपुस्तकात हे सर्वांत खालचे दोन वर्ग आहेत. म्हणजे मुरूम जास्त, खडी जास्त, खर्चही जास्त.

याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे. २५० मेगावॉटचे तीन संच आणि कोळसा जळल्यावर उरणारी राख. ती घरांवर, पिकांवर, रस्त्यांवर उडते, ही परळी परिसराची जुनी तक्रार. एकीकडे भरावाला चांगले साहित्य मिळत नाही आणि दुसरीकडे पडून असलेली राख कुणाला नको आहे. हे दोन प्रश्न एकमेकांना जोडता येतात, हे आता गुपित राहिलेले नाही. पण ते सिद्ध करायला पैसा लागला आणि तो कुठून आला हे पाहण्यासारखे आहे.

पहिला पैसा कुठून आला?

पेट्रोलमधून. आणि ही शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष मराठी होते. मोटारी वाढू लागल्या, पण रस्ते जिल्हा आणि स्थानिक मंडळांच्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालत होते. तेव्हा १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. रस्त्यांशी त्यांचे नाव जोडणारे मात्र आज थोडेच.

रस्ते हा आता केवळ स्थानिक मंडळांना झेपणारा विषय राहिलेला नाही, असे समितीने १९२८ च्या अहवालात सांगितले. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनवर दोन आणे जादा कर बसला. बहुतेक रक्कम प्रांतांना जात असे, पण सुरुवातीला १० टक्के हिस्सा केंद्राने राखून ठेवला. संशोधन आणि देशपातळीवरच्या कामांसाठी तो होता. गाडी चालवणाऱ्याने रस्त्याबरोबरच रस्त्याच्या अभ्यासाचेही पैसे द्यावेत, असा हा साधा हिशेब.

पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आयआरसी स्थापन झाली. रस्त्याचा उतार, वळण, थरांची जाडी यांची देशभर चालणारी नियमपुस्तके हीच संस्था काढते. १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, सीआरआरआय, सुरू झाली.

मग आज एकच खिडकी का नाही?

सीआरआरआय रस्ते मंत्रालयाच्या अखत्यारीत नाही. ती वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची प्रयोगशाळा आहे, म्हणजे तिचा मूळ खर्च विज्ञान मंत्रालयाकडून येतो. रस्ते मंत्रालय तिला प्रकल्प देते. मंत्रालयाच्या अर्थसंकल्पात संशोधनासाठी जो मथळा आहे, त्यात संशोधन, प्रशिक्षण, अभ्यास आणि रस्ते सुरक्षा योजना एकाच ओळीत बसवल्या आहेत. पेट्रोल-डिझेलवरचा उपकर आजही आहे. २००० च्या कायद्याने त्याची वाटणी ठरवली ती ग्रामीण रस्ते, राष्ट्रीय महामार्ग, राज्य रस्ते आणि रेल्वेवरचे पूल यांच्यासाठी. जयकरांच्या वेळी टक्केवारीत दिसणारा संशोधनाचा वाटा आता शोधावा लागतो.

बाकीची मांडणीही अशीच विभागलेली. रेल्वेचे संशोधन लखनौच्या आरडीएसओकडे, वाहनांच्या चाचण्या १९६६ पासून पुण्याच्या एआरएआयकडे, एसटीसारख्या बससेवांचा अभ्यास भोसरीच्या केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेकडे. राज्याची स्वतःची जुनी संस्था म्हणजे नाशिकची ‘मेरी’, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ ची. तिथे महामार्ग संशोधनाचे काम होते, पण संस्था जलसंपदा विभागाची. रस्ते बांधतो सार्वजनिक बांधकाम विभाग.

तुलनेला अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेमार्ग घ्या. २६१ किलोमीटरच्या या मार्गाचा निम्मा खर्च राज्याचा, निम्मा रेल्वेचा, हे बीडमध्ये चहाच्या टपरीवरही कुणी सांगेल. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत गाडी आली, तेव्हाही या वाट्याची चर्चा झाली. रस्ते संशोधनात कुणाचा किती वाटा, हे असे एका वाक्यात सांगता येत नाही.

राखेचे उत्तर कसे सापडले?

विभागलेली व्यवस्थाही कधी कधी नीट चालते. राख हे त्याचे उत्तम उदाहरण. १९९४ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने ‘फ्लाय ॲश मिशन’ सुरू झाले. हेतू एकच : राखेच्या वापराची प्रत्यक्ष कामे करून दाखवायची. दिल्लीत दुसऱ्या निजामुद्दीन पुलाच्या जोडरस्त्याचा भराव राखेचा करण्यात आला. सुमारे दीड लाख घनमीटर राख तिथे गेली. सीआरआरआयच्या अभ्यासकांनी भराव किती खचतो, पाणी कसे निचरते याच्या नोंदी ठेवल्या.

त्या अनुभवावर आयआरसीने २००१ मध्ये राखेच्या भरावासाठी ‘एसपी ५८’ ही मार्गदर्शिका काढली. मध्ये राखेचा गाभा, बाजूंना चांगल्या मातीचे आवरण, म्हणजे राख वाऱ्या-पावसाने वाहून जात नाही. राख मातीसारखी फुगत नाही आणि वजनाला हलकी असते. चुन्याबरोबर काळ्या मातीत मिसळली तर मातीचे फुगणेही कमी होते.

नियमाचीही जोड मिळाली. पर्यावरण मंत्रालयाने १९९९ मध्ये अधिसूचना काढली आणि २०१६ मध्ये वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरपर्यंतच्या रस्तेकामांना ती लागू केली. १०० किलोमीटरपर्यंत राख पोहोचवण्याचा पूर्ण खर्च वीज केंद्राचा, त्यापुढे निम्मा-निम्मा, अशी तेव्हाची वाटणी होती. सिरसाळा या पहिल्या टप्प्यात सहज बसते.

मग अडते कुठे?

निविदेत. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करतो ते दरसूचीवरून. ज्या कामाचा दर सूचीत नाही, ते धरायचे तर दराचे पृथक्करण करा, वरून मंजुरी आणा, लेखापरीक्षणाला उत्तर द्या. शिवाय सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम मिळते आणि ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल त्याच्याच गळ्यात असते. नवे साहित्य फसले तर नुकसान त्याचे. जुन्या मुरुमावर रस्ता उखडला तर त्याला कुणी ‘प्रयोग’ म्हणत नाही. अशा वेळी दोघेही परिचित मार्ग धरतात आणि त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

हे ओळखून ग्रामविकास मंत्रालयाने २०१३ मध्ये वार्षिक प्रस्तावातील किमान १५ टक्के लांबी नव्या तंत्राने करण्याचे धोरण आणले. पण रस्ता बांधण्याचे पैसे देणे वेगळे आणि पुढची पाच-सात वर्षे दर पावसाळ्यानंतर त्याच्या भेगा मोजणाऱ्या माणसाचे पैसे देणे वेगळे. मोजणाऱ्याचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकातच धरला नाही, तर तंत्र टिकले की नाही हे कळत नाही आणि दरसूचीत ते येतही नाही.

छोटे देश हे कसे करतात?

स्वीडनची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, महाराष्ट्राच्या दशांशाहून कमी. तिथे राष्ट्रीय रस्ते व वाहतूक संशोधन संस्था सरकारी अनुदान आणि मागणीनुसार केलेल्या अभ्यासांचे शुल्क या दोन्हींवर चालते. बरेचसे अभ्यास ज्या खात्याकडे रस्ते आहेत तेच मागवते. १९९८ मध्ये गेव्हले शहराजवळ त्यांनी एक विचित्र वाटणारा प्रयोग केला. रुंद दुपदरी रस्त्यावर तीन मार्गिका आखल्या आणि मधोमध पोलादी दोरांचा कठडा घातला. ओलांडून पुढे जाण्याची पाळी आळीपाळीने दोन्ही बाजूंना. संस्थेने वर्षानुवर्षे अपघात मोजले. समोरासमोरच्या धडकांतील मृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसले, तेव्हा हा आराखडा देशभर गेला. रस्ता, प्रयोग आणि मोजणी यांचा पैसा एकमेकांशी बांधलेला होता, म्हणून हे जमले.

सिरसाळा परिसरात ग्रामसडक योजनेचे काम निघाले, तर रस्त्याच्या टोकाला माहितीफलक लागतो. त्यावर प्रत्येक थरात कोणते साहित्य आणि किती, हे लिहिणे बंधनकारक आहे. भरावात राख धरली आहे का, चुना धरला आहे का, हे तिथे दोन मिनिटांत वाचता येते. शंका असेल तर ‘मेरी सडक’ ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. नव्या तंत्राचा रस्ता असेल, तर पुढच्या पावसाळ्यानंतर त्याची मोजणी कोणती संस्था करणार आणि तिचे पैसे कोणत्या शीर्षातून जाणार, हा प्रश्न माहिती अधिकारात विचारायला १० रुपये लागतात.