संघ राहतो, नावं जातात

हिंगणीत बोलायचं आणि विषय घ्यायचा अमेरिकेतल्या मुलींच्या सॉफ्टबॉल क्लबचा, हे ऐकून आमच्या घरीच हसू झालं. 'बोर धरणावर बोला, वाघांवर बोला, निदान कपाशीवर तरी बोला', असा सल्ला मिळाला. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे एखादी वस्तू 'तीच' कशामुळे राहते, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. या क्लबच्या इतिहासात तो प्रश्न असा काही समोर येतो की विचारू नका.

आधी खेळ समजून घेऊ. 1887 साली शिकागोतल्या एका बोट क्लबात काही तरुण बसले होते. कोणीतरी बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या वार्ताहराने तो मोजा दोरीने चेंडूसारखा बांधला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. झाला खेळ सुरू! घरात खेळायचा बेसबॉल. 'सॉफ्टबॉल' हे नाव खूप नंतरचं, 1926चं. नाव मऊ असलं तरी चेंडू मऊ नाही, हे ज्याला लागला त्याला विचारा.

यात 'फास्टपिच' म्हणजे काय? चेंडू खांद्याच्या खालूनच टाकायचा, पण पूर्ण वेगाने. ज्वारीच्या राखणीला बसलेली पोर गोफण कशी फिरवते, आठवा. तसाच हात फिरतो, फक्त डोक्यावरून नाही, अंगाच्या कडेने वरून खाली. कंबरेपाशी मनगटाचा झटका बसतो आणि चेंडू सुटतो. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात हे अंतर 43 फूट, म्हणजे साधारण 13 मीटर. क्रिकेटची खेळपट्टी 20 मीटरची. चेंडू ताशी 100 किलोमीटरने आला तर खेळणाऱ्या मुलीला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात मारायचं की सोडायचं, ते ठरवायचं.

आता क्लब. कनेक्टिकट राज्यातलं स्ट्रॅटफर्ड गाव. तिथे रेबेस्टॉस नावाची, गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारी कंपनी. 1947 साली कंपनीच्या आश्रयाने मुलींचा संघ उभा राहिला. ब्रेकवरून नाव पडलं 'ब्रेकेट्स'. मोठं कल्पक नाव नाही, पण टिकलं.

1954 साली या संघात जोन जॉयस नावाची मुलगी आली. वय चौदाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची आठवी-नववीतली पोर. पुढे टेड विल्यम्स या बेसबॉलच्या महान फलंदाजाला तिच्यासमोर प्रदर्शनासाठी उभं केलं. हजारो लोक बघायला आले होते. त्याची बॅट बहुतेक वेळा हवेतच फिरली, आणि शेवटी बॅट टाकून तो निघून गेला. 1965 साली महिलांची पहिली जागतिक स्पर्धा मेलबर्नला झाली, तेव्हा अमेरिकेतर्फे हाच क्लब गेला आणि अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरला. 1974 ची जागतिक स्पर्धा स्ट्रॅटफर्डलाच, याच क्लबच्या मैदानावर झाली. ती मात्र जिंकली.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. गंमत पुढे आहे, गंमत म्हणावी की नाही कोण जाणे. ब्रेकच्या भागांत ॲस्बेस्टॉस असायचं. कारखान्याच्या कचऱ्यात ॲस्बेस्टॉस होतं, शिसं होतं, आणखी रसायनं होती. तो कचरा गावात ठिकठिकाणी भराव म्हणून टाकला गेला. या मुली ज्या मैदानावर धावल्या, पडल्या, घसरत गेल्या, त्या मैदानाखालीही तो निघाला. कंपनीने संघाला मैदान दिलं, कपडे दिले, प्रवासखर्च दिला, हे खरं. मैदानाखाली काय दिलं, तेही खरं. दोन्ही एकाच हाताने दिलेलं. 1989 साली कारखाना बंद पडला आणि 1995 साली ती जागा सरकारच्या घातक प्रदूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली. संघ त्याआधीच दुसऱ्या मैदानावर गेला होता.

आता हिशेब करा. मूळ खेळाडू गेल्या. पोषणकर्ती कंपनी गेली. मैदान गेलं. नावापुढचा कंपनीचा शब्दही गेला, तिथे वेगवेगळे शब्द आले. मग 'ब्रेकेट्स' तोच क्लब कसा? मिलिंद राजाला नागसेनाने रथाबद्दल हेच विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? यांतलं एकही रथ नाही. 'रथ' हे त्या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं व्यवहारापुरतं नाव. क्लबालाही हे लागू पडतं. भाग बदलतात, नाव चालत राहतं, आणि त्या नावाखाली नोंदी जमा होतात.

खेळणाऱ्या मुलीच्या बाबतीत मात्र बरोबर उलटं होतं. माणूस तेच राहतं, नाव बदलतं! याच संघातली बर्था टिकी घ्या. जन्माचं आडनाव पेटिनाक, पहिल्या लग्नानंतर रेगन, दुसऱ्यानंतर टिकी. जुनी वृत्तपत्रं चाळणाऱ्याला या तीन बाया वाटतील. तिच्या 757 विजयांचा हिशेब एकत्र लागतो, कारण कोणीतरी तीनही आडनावं एका ओळीत लिहून ठेवली.

आपल्याकडे तर लग्नात तबकातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहायचीही रीत आहे. म्हणजे आडनावाबरोबर काही घरांत पहिलं नावही जातं. आम्ही एकदा एका जुन्या महाविद्यालयात मुलींच्या संघाची माहिती विचारायला गेलो. भिंतीवर फोटो होता. खाली 'कु.' लावून बारा नावं, सगळी माहेरची. ढाल माळ्यावर होती, खेळाडूंची वही रद्दीत गेलेली. 'या आता कुठे आहेत?' असं विचारलं तर लिपिक म्हणाले, 'सर, लग्नं झाली असतील.' त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नाही. पण बारा जणींच्या इतिहासाचं शेवटचं वाक्य तेच होतं.

भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना 1961 साली जोधपूरला स्थापन झाली. महाराष्ट्रात हा खेळ मुख्यतः शाळा-महाविद्यालयांतून खेळला जातो. त्यात चांगलं हे की खेड्यातली पोर जिल्ह्याच्या, विभागाच्या मैदानापर्यंत जाते. वाढीव गुण मिळतात, नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण शाळेचा संघ शाळेच्या दाखल्याबरोबर सुटतो. क्लब सुटत नाही, तिथे तिशीतली बाई सोळा वर्षांच्या पोरीशेजारी उभी राहते. जॉयस चौदाव्या वर्षी आली तेव्हा तिला शिकायला पुढे कोणीतरी उभं होतं. आमच्या अमरावतीकडच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचंच बघा, 1914 पासून चालू आहे. वर्षानुवर्षं तालमीला येणारी माणसं असली की हे होतं.

मग इथल्या शाळेतल्या सरांना आणि ताईंना आमची एकच विनंती. एक जाड वही घ्या. संघातल्या प्रत्येक मुलीचं नाव लिहा आणि पुढे दोन रकाने मोकळे ठेवा, एक पुढच्या नावासाठी, एक गावासाठी. ती माहेरपणाला आली की तिच्याकडूनच भरून घ्या. वही कपाटात ठेवा, माळ्यावर नको.

पाणी घेतो. तोवर कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या रांगेतल्या मुलींनी आधी.