ईएमजी : स्नायूंतील विजेची तपासणी

आपल्याकडे कोणाचे हातपाय लुळे पडले की 'अंगावरून वारं गेलं' म्हणून तेल चोळायला सुरुवात होते. परंतु प्रत्येक लुळेपणा हा पक्षाघात नसतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला; तो दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात जातो. धाराशिव जिल्ह्यातील कितीतरी मुले शिक्षणासाठी व कामासाठी पुण्यात राहतात. म्हणून या आजारात करावी लागणारी ईएमजी, म्हणजे इलेक्ट्रोमायोग्राफी, ही तपासणी आम्ही येथे समजावून देत आहोत.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यात अत्यंत सूक्ष्म वीज निर्माण होते. कातडीवर चिकटवलेल्या पट्ट्या किंवा स्नायूत घातलेली बारीक सुई ती वीज टिपते आणि पडद्यावर लहरी उमटतात. निरोगी स्नायू सैल सोडला की पडदा जवळजवळ शांत राहतो. मज्जातंतूला इजा झाली असेल तर सैल स्नायूतही लहरी दिसतात. मात्र त्या दिसू लागायला दोन-तीन आठवडे जातात.

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, हे आपण पाहिले असेल. हीच प्रतिक्षिप्त क्रिया. संदेश मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत येतो, मेंदूला विचारावे लागत नाही. हातोडीने पाय उडाला की नाही एवढेच कळते. यंत्राने वेळही मोजता येतो. १९१० मध्ये जर्मनीच्या पॉल हॉफमन यांनी दाखवले की, गुडघ्यामागील मज्जातंतूला विजेचा हलका झटका दिला असता पोटरीचा स्नायू दोनदा उत्तर देतो. पहिले उत्तर थेट व तत्काळ येते. दुसरे मज्जारज्जूला वळसा घालून, सुमारे ३० मिलिसेकंदांनी येते. जीबीएसमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, त्यामुळे हे दुसरे उत्तर उशिरा येते किंवा येतच नाही. १९१६ मध्ये गुइलेन, बॅरे व स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांचा हा आजार प्रसिद्ध केला, तेव्हाही प्रतिक्षिप्त क्रियांची विद्युत नोंद घेतलेली होती. स्ट्रोल यांचे नाव मात्र आजाराच्या नावातून गळाले, हे आम्हांस खटकते.

पक्षाघात अचानक येतो, बहुधा एका बाजूला. जीबीएस बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होऊन दिवसागणिक वर चढतो आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो. दोन्हींत तेल चोळत बसणे म्हणजे वेळ घालवणे होय. जीबीएसवर इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर अधिक गुण येतो. पहिल्या काही दिवसांत ईएमजीचा अहवाल निर्दोषही येऊ शकतो. तेवढ्यावरून रुग्णाला घरी आणू नये. डॉक्टर तपासणी पुन्हा करण्यास सांगतात.

'करंट देणार' या भीतीने अनेक जण तपासणी टाळतात. झटका टिचकी मारल्यासारखा लागतो, सुई थोडी दुखते, इतकेच. उपाशी राहावे लागत नाही. अंगाला तेल लावून जाऊ नये, पट्ट्या चिकटत नाहीत. पेसमेकर बसवलेला असल्यास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे.