घर लहान, धुणे मोठे

धुणे हे रोजचे काम. शेतातले मातीने भरलेले कपडे, पोरांचे शाळेचे कपडे, चादरी, टॉवेल. हे सारे बहुधा घरातल्या बाईलाच धुवावे लागते. वाकून वाकून तिची कंबर धरते. साबणाने हातांना भेगा पडतात.

आता धुण्याचे यंत्र तालुक्याच्या दुकानात मिळते. त्याला वॉशिंग मशीन म्हणतात. ते हप्त्यानेही मिळते. पण मंडळी, घाई करू नका. घराला न जुळणारे यंत्र आणले, तर पैसा जातो, जागा अडते, आणि बाई पुन्हा धुण्याच्या दगडावरच बसते. म्हणून आधी आपले घर पाहावे, मग यंत्र पाहावे.

यंत्रे तीन प्रकारची

पहिला प्रकार 'सेमी ऑटोमॅटिक', म्हणजे अर्धे काम यंत्राचे, अर्धे आपले. यात दोन टाक्या शेजारी शेजारी असतात. एकीत कपडे धुतात, दुसरीत पिळतात. कपडे एकीतून दुसरीत आपणच टाकायचे. पाणी बादलीने ओतले तरी चालते. किंमत सर्वांत कमी. लांबी अडीच ते पावणेतीन फूट, खोली दीड फुटाच्या आसपास.

दुसरा प्रकार वरून झाकण असलेला. कपडे टाकले की धुणे आणि पिळणे आपोआप होते. रुंदी सुमारे दोन फूट. पण झाकण वर उघडते. म्हणून त्याच्या वर फळी मारता येत नाही.

तिसरा प्रकार समोरून दार असलेला. हाही आपोआप चालतो. रुंदी दोन फूट, उंची पावणेतीन फूट. वर फळी ठोकून डबे ठेवता येतात. मात्र दार उघडायला समोर जागा हवी. याला पाणी सर्वांत कमी लागते, पण किंमत जास्त पडते.

दुकानात जाण्याआधी

१. जागा मोजा. दोरी घ्या, तिला गाठी मारा. कोपऱ्याची लांबी, रुंदी, उंची मोजा. नळ्यांसाठी मागे चार बोटे जागा सोडा. घराचे दारही मोजा. यंत्र आत शिरले तर पाहिजे ना! खालची जमीन टणक आणि सपाट हवी. सारवलेल्या जमिनीवर यंत्र डुगडुगते. तिथे एक मोठी फरशी बसवून घ्यावी. पुष्कळ सेमी ऑटोमॅटिक यंत्रांना चाके असतात. ती एरवी कोपऱ्यात ठेवावीत आणि धुण्याच्या वेळी मोरीजवळ ओढावीत.

२. पाणी पाहा. आपोआप चालणाऱ्या यंत्राला नळ लागतो, आणि नळाला जोर लागतो. टाकी उंचावर नसेल, नळ दिवसाआड येत असेल, तर सेमी ऑटोमॅटिक बरे. त्यात साबणाचे एकच पाणी दोनदा वापरता येते. आधी पांढरे कपडे, मग मळके.

३. सांडपाणी पाहा. सेमी ऑटोमॅटिकचे पाणी बहुधा उताराने वाहते. नळी खाली मोरीतच सोडावी लागते. मोरी उंच असेल तर पाणी तुंबते.

४. वीज पाहा. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट होते. सेमी ऑटोमॅटिकला धुताना साधारण तीन-चारशे वॅट लागतात. अर्धा तास चालवले, तर पाव युनिटही होत नाही. समोरच्या दाराचे यंत्र पाणी तापवते. तापवताना सुमारे दोन हजार वॅट लागतात. म्हणजे अर्ध्या तासात एक युनिट! पाणी तापवू दिले नाही, की हा खर्च वाचतो.

किती मोठे घ्यावे?

यंत्रावर ६ किलो, ७ किलो असे लिहितात. ते सुक्या कपड्यांचे वजन. एका दिवसाचे धुणे गाठोड्यात बांधा आणि काट्यावर धरा. तेवढ्यावरून ठरवा. गोधडी मात्र यंत्रात घालू नका. ती भिजून फार जड होते. ती नदीवर किंवा मोरीतच धुवावी.

वाळवण आणि जिवाची काळजी

कोणी म्हणेल, "यात कपडे वाळूनच निघतात." तसे नाही. यंत्र कपडे नीट पिळते. ते दमटच राहतात. म्हणून वाळत घालायला जागा लागतेच. पागोळीच्या आत, पडवीत, दोरी बांधा. लोखंडी तार बांधू नका. विजेची वायर घासून तारेत वीज उतरते आणि ओला कपडा टाकणारा माणूस जागीच जातो. पावसाळ्यात अशा बातम्या येतात. दोरी सुती किंवा नायलॉनची घ्या.

यंत्राला तीन पिनांचे बटणघर लावा आणि जमिनीत अर्थिंग जाणत्या वायरमनकडून करून घ्या. बटणघर मोरीपासून दूर, उंचावर असावे. ओल्या हाताने बटण दाबू नये. पिळणारी टाकी पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नये. पोरांना लांब ठेवावे.

आणखी एक गोष्ट. धुणे जी करते, तिला दुकानात बरोबर न्या. झाकण तिला उघडू द्या. वाकावे किती लागते, कपडा हाताला लागतो का, हे तिलाच कळेल. दोरीचे माप आणि तिचे मत, दोन्ही जुळले तरच पैसे मोजा.