जुन्या विमानात विजेची मोटर

१० डिसेंबर २०१९ रोजी कॅनडात व्हँकुव्हरजवळ फ्रेझर नदीच्या पाण्यावरून एक छोटं विमान उडालं आणि काही मिनिटांनी पुन्हा पाण्यावरच उतरलं. विमान १९५०च्या दशकातलं, डी हॅविलंड बीव्हर जातीचं. त्याच्या नाकात मात्र पेट्रोलच्या इंजिनाऐवजी मॅग्निएक्स कंपनीची ७५० अश्वशक्तीची विजेची मोटर बसवलेली होती. ते चालवत होते हार्बर एअर या विमान कंपनीचे संस्थापक ग्रेग मॅकडूगल.

या कंपनीनं हे धाडस केलं, त्यामागे तिथला भूगोल आहे. व्हँकुव्हर शहर आणि प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया यांच्यामध्ये समुद्राचा पट्टा आहे. मोटारीनं निघालेल्या माणसाला नुसत्या फेरीबोटीतच दीड तास काढावा लागतो. बंदर गाठणं आणि रांगेत थांबणं वेगळंच. हार्बर एअरची पाण्यावर उतरणारी विमानं तेच अंतर अर्ध्या-पाऊण तासात कापतात. आणि विजेच्या विमानाला आज झेपतात ते असेच छोटे पल्ले.

अडचण आहे वजनाची. एक किलो विमान-इंधनात साधारण १२ युनिट विजेइतकी ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम-आयन बॅटरीत जेमतेम पाव युनिट. मोटर मिळालेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज कामाला लावते आणि इंजिन बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतं, हे धरलं तरी पंधरा-वीस पटींचा फरक उरतोच. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं. बॅटरी रिकामी झाली तरी तिचं वजन तेवढंच राहतं आणि ते घेऊनच उतरावं लागतं.

त्यात भर राखीव साठ्याची. उतरण्याची जागा ऐनवेळी बंद झाली, हवा बिघडली, तर दुसरीकडे जाण्यापुरती ऊर्जा विमानात हवीच. दिवसा, नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या विमानालाही किमान अर्ध्या तासाची ऊर्जा शिल्लक ठेवावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये याच बीव्हरनं, व्हिक्टोरिया ज्यावर आहे त्या व्हँकुव्हर बेटापर्यंतचं ७२ किलोमीटरचं अंतर २४ मिनिटांत कापलं. म्हणजे २४ मिनिटांच्या प्रवासासाठी बॅटरी लागते ती जवळजवळ ५४ मिनिटांची! विजेच्या विमानाची खरी परीक्षा इथे आहे.

म्हणूनच या क्षेत्रातली प्रगती संथ आहे. हार्बर एअरला २०२२ पर्यंत प्रवासी न्यायचे होते. तो मुहूर्त हुकला. ॲलिस हे नऊ आसनी विमान सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत आठ मिनिटं उडालं, पण २०२५ मध्ये ते बनवणाऱ्या एव्हिएशन कंपनीला काम थांबवावं लागलं. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या हार्ट एरोस्पेसनं १९ आसनी, निव्वळ बॅटरीवरच्या विमानाची कल्पना सोडून ३० आसनी संकरित विमान आखलं: २०० किलोमीटरपर्यंत फक्त वीज, त्यापुढे इंधनाची जोड.

या माघारींवरून सगळा खटाटोप फोल ठरवणं मात्र चुकीचं होईल. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या दोन आसनी वेलिस इलेक्ट्रोला जून २०२० मध्ये युरोपीय विमान सुरक्षा संस्थेची मान्यता मिळाली. पूर्ण विजेवरच्या विमानाला मिळालेली ही पहिलीच अशी मान्यता. वैमानिकांच्या प्रशिक्षणात उड्डाणं छोटी असतात आणि विमान निघाल्या जागीच परततं, त्यामुळे तिथे या विमानाची मर्यादा आड येत नाही.

नॉर्वेची गरज त्याहून मोठी आहे. फ्योर्ड (जमिनीत आत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) आणि डोंगरांनी तोडलेल्या तिथल्या गावांना जेमतेम ८०० मीटरच्या धावपट्ट्यांवर उतरणारी छोटी विमानं जोडतात आणि देशातली बहुतेक वीज पाण्यापासून बनते. देशांतर्गत सगळी उड्डाणं २०४० पर्यंत विजेवर आणण्याचं उद्दिष्ट नॉर्वेनं २०१८ मध्येच जाहीर केलं. पुढच्याच वर्षी त्यांचं प्रात्यक्षिकाचं विमान शक्ती गेल्यानं एका तळ्यात उतरवावं लागलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. तरीही नॉर्वे मागे हटला नाही. २०२५ मध्ये स्टाव्हांगर ते बर्गन या मार्गावर बीटा कंपनीच्या विजेच्या मालवाहू विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. आधी माल, मग माणसं, हा तिथला क्रम आहे.