एका घरातले दोन संगणक

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी सारोळ्यापाशी नीरेचा पूल ओलांडतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात शिरतो. पूल शाबूत असला म्हणजे पलीकडे पोचता येते. पण म्हणून पलीकडच्या वाटेल त्या घरात शिरता येते असे नव्हे. तेथे पत्ता लागतो, दार उघडावे लागते, ओळख द्यावी लागते, आणि आत गेल्यावरही कपाटाला हात लावण्यास घरधन्याची परवानगी लागते. एकाच घरातील दोन संगणकांचा व्यवहार नेमका असाच आहे.

खालच्या खोलीतील संगणकावर सातबाऱ्याचे उतारे, मुलांचे दाखले, घरखर्चाचे हिशेब ठेवलेले असतात. ते फोल्डर सामाईक केले की माडीवरच्या संगणकावरूनही उघडावे, एवढीच आपली अपेक्षा. ते उघडले नाही की पुष्कळ जण वैतागून एकामागून एक सगळीच कुलुपे काढून टाकतात. वास्तविक नकार कोणत्या पायरीवर मिळाला, हे पाहिले की दोष कोठे आहे ते बहुधा समजते.

पहिली पायरी वाटेची. दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत ना? एक घरच्या वायफायवर आणि दुसरा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर त्यांची गाठ पडणार नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेले वेगळे वायफायही बहुधा घरच्या यंत्रांपासून तोडलेलेच असते. ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की प्रत्येक संगणकाचा आकडी पत्ता दिसतो. घरगुती जाळ्यात तो पुष्कळदा १९२.१६८ ने सुरू होतो.

दुसरी पायरी नावाची. संगणकाचे नाव यादीत दिसले नाही, तर दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्यापुढे तो आकडी पत्ता लिहावा. तसे करून फोल्डर उघडले, तर वाट ठीक आहे; दोष फक्त नाव शोधण्यात आहे, असे समजावे.

तिसरी पायरी दाराची. विंडोज प्रत्येक जाळ्याला ‘सार्वजनिक’ किंवा ‘खाजगी’ मानते. सार्वजनिक मानलेल्या जाळ्यावर ते सहसा दार लावून घेते. घरचे जाळे ‘खाजगी’ ठरवावे आणि फाइल सामाईक करण्याची सोय चालू करावी. फायरवॉल बंद करण्याचे कारण नाही. दार बंद असता ‘पिंग’लाही उत्तर मिळत नाही. म्हणून उत्तर न आल्यास वाटच तुटली, असा निष्कर्ष काढू नये.

चौथी पायरी ओळखीची. पासवर्ड विचारला गेला, म्हणजे आपण दारापर्यंत पोचलो, ही खूण चांगलीच. येथे खालच्या संगणकावरील खात्याचे नाव आणि पासवर्ड द्यावा. रोज वापरतो तो चार आकडी पिन येथे चालत नाही. तो त्या एका यंत्रापुरताच असतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यालाही सहसा जाळ्यावरून प्रवेश नसतो.

पाचवी पायरी अधिकाराची. ओळख पटूनही ‘प्रवेश नाकारला’ असे उत्तर आले, तर दोन याद्या तपासाव्यात: एक सामाईक करतानाच्या अधिकारांची, दुसरी फोल्डरच्या स्वतःच्या अधिकारांची. दोहोंत जी अधिक कडक, तिचाच अंमल चालतो.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. हे संगणक ‘एसएमबी’ नावाच्या बोलीत बोलतात. तिची पहिली आवृत्ती फार जुनी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने तिच्यातल्याच दोषाचा फायदा घेऊन जगभरच्या संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद केली. मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरील दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. त्याच वर्षीच्या शरदापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ही जुनी बोली मुळात बसवलीच जात नाही. म्हणून एखादे जुने यंत्र तेवढ्यावाचून अडले, तरी तिला पुन्हा घरात घेऊ नये. फाइल पेनड्राइव्हवरून न्यावी.

आणखी एक गोष्ट. फोल्डर सामाईक केल्याने कागद दोन ठिकाणी राहत नाहीत. ते एकाच ठिकाणी राहतात आणि दोन ठिकाणांहून दिसतात, इतकेच. खालचा संगणक बिघडला, तर वरच्यावर काहीच उरत नाही. तेव्हा सातबारा आणि दाखले यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, संगणकापासून अलग ठेवलेली असावी.