सरासरीत हरवलेले तालुके
(लेखांक 6)

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 साली महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला, तेव्हा हिंगोली नावाचा जिल्हाच नव्हता. रस्ते, सिंचन, सर्वसाधारण शिक्षण, तंत्रशिक्षण अशा क्षेत्रांची राज्य सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्याखाली राहील त्याची तूट रुपयांत लिहायची. ही तूट म्हणजेच अनुशेष; तो आपण मागच्या लेखांकात पाहिला. राज्याची एकूण तूट 3,186 कोटींच्या घरात निघाली. हिंगोली, कळमनुरी, वसमत त्यात परभणीच्या पोटात होते. कालव्याखालची गावं आणि कळमनुरीकडच्या आंध आदिवासींच्या वाड्या यांची सरासरी एकच!

1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि सरासरीची चादर निघाली. राज्याचा पहिला मानव विकास अहवाल 2002 चा. त्यात हिंगोलीची गणना तळाच्या जिल्ह्यांत झाली. त्या अहवालातून 2006 साली मानव विकास मिशन उभं राहिलं, ते 12 जिल्ह्यांतल्या 25 तालुक्यांपुरतं. 2011 मध्ये तालुके 125 झाले. निवडीचे निकष दोन: स्त्रियांची साक्षरता आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांचं प्रमाण. म्हणजे मोजणी जिल्ह्यावरून तालुक्यावर उतरली. माझ्या मते मागासलेपणाच्या अभ्यासातली ही सगळ्यात मोलाची पायरी, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी झाली.

मानव विकास मिशनची निळी एस.टी. याच मोजणीतून आली. आठवी ते बारावीच्या मुलींना गावाहून शाळेत नेऊन परत आणायचं, भाडं नाही. मुलगी सातवीनंतर घरी का बसते, तर पुढची शाळा दुसऱ्या गावी आणि वाटेची धास्ती. हे आईबापांना ठाऊकच होतं. आकड्यांनी ते मंत्रालयाला पटवलं.

अशी मोजणी करणं ज्यांचं काम, त्या विद्यापीठाकडे आता वळू. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 चं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचं कार्यक्षेत्र. शिक्षण, समाजशास्त्र, अर्थशास्त्राचे प्रबंध तिथे होतात, 'शोधगंगा' या संकेतस्थळावर चढतातही. पण बरेचसे प्रबंध एकाच वळणाने जातात: प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि शेवटी 'शासनाने लक्ष द्यावे'. कोणत्या कार्यालयाने, कोणत्या खर्चातून, हे नाही. 2010 पासून प्राध्यापकांच्या बढतीला गुणांकन जोडलं गेलं आणि पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचं पेव फुटलं. शेवटी विद्यापीठ अनुदान आयोगाला मान्य नियतकालिकांची वेगळी यादी करावी लागली. दोष एकट्या प्राध्यापकांचा नाही. गुण छापण्याला मिळतात, तहसीलदाराला निष्कर्ष समजावून सांगण्याला मिळत नाहीत.

आणि नेमकी आत्ता तालुक्याच्या पातळीवरच्या संशोधनाची गरज आहे. 2011 च्या जनगणनेत हिंगोलीत पुरुषांची साक्षरता सुमारे 87 टक्के, स्त्रियांची जेमतेम 69. राज्यात स्त्रियांची जवळपास 76. त्यानंतर 2021 ची जनगणना झालीच नाही. 2011 मध्ये आठवीत असलेल्या मुलींची मुलं आता शाळेत गेली असतील, तरी तालुक्याची ओळख आपण त्याच आकड्यांवरून सांगतो. बारावीनंतर निळ्या बसचा मोफत प्रवास संपतो; मग हिंगोलीतल्या सेनगाव, औंढा तालुक्यांच्या किती मुली पदवीच्या वर्गात पोचतात? ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलींना त्या बसचा हंगामात काय उपयोग? हे प्रश्न स्थानिक महाविद्यालयातल्या प्राध्यापकाच्या आवाक्यातले आहेत. हजेरीपट शाळेत आहेत, बसच्या फेऱ्यांची नोंद आगारात.

शोधगंगा सर्वांना मोफत खुली आहे. आपल्या तालुक्याचं नाव टाकून एखादा प्रबंध उघडा, शिफारशींचं प्रकरण वाचा आणि त्यातली एक तरी शिफारस येत्या ग्रामसभेत मांडा.