ग्रो टेंट किट घेताय? आधी दिव्याचे खरे वॉट बघा

बाल्कनी नसलेल्या फ्लॅटमध्येही लेट्यूस, बेसिल, मेथी पिकवता येते. त्यासाठी ऑनलाइन मिळणारं ग्रो टेंट किट म्हणजे आतून चकचकीत कापडाचा तंबू, एलईडी दिवा, एक्झॉस्ट फॅन आणि टायमर. सुरुवातीला २ बाय २ फुटांचा टेंट पुरतो.

पैसे वाया जातात ते दिव्यावर. जाहिरातीत '१००० वॉट' असं मिरवणारा दिवा अनेकदा २०० वॉटसुद्धा वीज खेचत नाही. म्हणून 'प्रत्यक्ष वीजवापर' हाच आकडा शोधा. एवढ्या टेंटमधल्या पालेभाजीला खरे १०० वॉट भरपूर झाले. रोज १४ तास लावला तर महिन्याला ४२ युनिट, म्हणजे बिलात दिसणारच.

फॅन वरच्या भोकात बसवा, खालची जाळी उघडी ठेवा. फॅन सुरू केल्यावर टेंटच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या, तर जोडणी बरोबर आहे.

पण टेंट म्हणजे फ्रीज नव्हे! नुसत्या फॅनवर तो खोलीपेक्षा थंड होत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, एसी नसेल तर, लेट्यूस कडू होऊन फुलोऱ्यावर येणार. त्यापेक्षा बेसिल लावा. रोपं ठेवण्याआधी रिकामा टेंट दिवसभर चालवून आतलं तापमान मोजा. ३० अंशांच्या वर गेलं, तर टायमर रात्रीचा लावा.